भंगारिदवे

आमच्या तालुक्याच्या गावाचं नाव कर्जत, नगर जिल्ह्यातलं. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण १९९८ च्या डिसेंबरापासून पुढं कित्येक महिने आमच्या कचेरीतून सुटणाऱ्या पत्रांवर ते ‘कजर्त’ असं छापलं जायचं. ‘ज’वरचा रफार उडी मारून ‘त’वर जाऊन बसला होता. कुणाचं काही बिघडलं नाही. पत्रं पोचायची, उत्तरं यायची. पोस्टमन आपल्या सगळ्यांपेक्षा शहाणा असतो. मी आवक-जावक बघणारा कारकून. येणारं-जाणारं प्रत्येक पाकीट माझ्या हाताखालून जायचं, म्हणून मला ते दिसलं. माझं नाव काकासाहेब. नोकरीला लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि तेव्हाही काकासाहेबच होतो. आईबापांनी ठेवलेलं नाव आहे, वयानं मिळालेलं नाही.

पण ही हकीगत माझी नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं टाइप करणाऱ्या विमल रखमाजी भिंगारदिवे यांची आहे. तिच्यात माझा एक वाटा आहे, तो वेळ आली की सांगतो. चांगला नाही.

विमलबाई नगरजवळच्या भिंगारच्या. वडील रखमाजी छावणीत बागकामाला होते. छप्पन सालानंतर घरानं दीक्षा घेतली, पण त्यांच्या मूळ गावात त्यांना जन्मभर ‘रखम्या’ एवढंच म्हणत. आडनाव होतं, ते घ्यायची कुणाला गरज वाटली नव्हती. मुलगी मॅट्रिक झाली तशी त्यांनी तिला नगरला टायपिंगच्या क्लासला घातलं. पहिल्या दिवशी सायकलवर डबलसीट नेलं आणि तास संपेपर्यंत स्वतः दाराबाहेर उभे राहिले. मास्तर म्हणाले, आपापलं नाव टाइप करा. तिनं चार कागद वाया घालवले आणि पाचव्यावर अख्खं नाव उमटवलं. रखमाजींनी तो कागद घरी नेऊन भिंतीला डकवला. “छापील हाय,” ते म्हणाले, “आता ह्ये कुनाला खोडता न्हाई यायचं.”

तेव्हापासून विमलबाईंना सवय लागली. रोज सकाळी मशीनवरचं कापड काढलं की पहिली ओळ स्वतःच्या नावाची. हात मोकळा करायला, असं त्या म्हणायच्या. शिवाय प्रत्येक पत्राच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं टाकायची असतात. ती बारीकशी ‘वि.र.भिं.’ मी वीस वर्षांत हजारो पाकिटांत घालून चिकटवली. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच, तर “अर्ज टाइप करायला सवड झाली नाही” म्हणायच्या आणि मशीन पुढं चालू. मिनिटाला पंचेचाळीस शब्द. नजर कागदावर, मशीनकडं बघायचं काम नाही. मी उंबरठ्यावरूनच नुसत्या आवाजावरून सांगायचो की आज बाईंचं डोकं दुखतंय.

पंच्याण्णव साली कचेरीत कॉम्प्युटर आला. सगळे लांबून बघत उभे. विमलबाई मात्र खुर्ची ओढून बसल्या, कारण त्यातल्या मराठीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइपरायटरचाच कळफलक होता, कळाही त्याच आणि क्रमही तोच. म्हणजे काय, ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर आहे. टाइपरायटरवर ‘कि’ काढायचा तर आधी पहिली वेलांटी मारायची, मग ‘क’. रफार मात्र अक्षर मारून झाल्यावर. बोलण्याचा क्रम वेगळा आणि मशीनचा वेगळा. बाईंच्या बोटांत तो दुसरा क्रम इतका मुरला होता, की आठवड्यात त्यांचं जुनं मशीन कोपऱ्यात गेलं आणि भंगाराच्या यादीत त्याचा नंबर लागला.

मग दोन हजार सालाची आवई उठली. कॉम्प्युटरात साल दोनच आकड्यांत लिहिलेलं असतं, नव्व्याण्णवनंतर शून्य-शून्य आलं की मशीनं चळतील, म्हणून सगळी सॉफ्टवेअरं नवी करायची. आमच्याकडं सव्वाशे लोकांच्या हजेऱ्या आणि पत्रं, यापलीकडं चळण्यासारखं काही नव्हतं. पण आदेश तो आदेश. नगरहून प्रशांत नावाचा इंजिनीअर एस.टी.नं पाच फ्लॉप्या घेऊन आला. तिसरी फ्लॉपी खराब निघाली. परत गेला, पुढच्या गुरुवारी पुन्हा आला. मुलगा वाईट नव्हता. रोज दोन तालुके फिरून त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम झालं. मग त्यानं जाता जाता, डब्याचं झाकण लावावं तसं सांगितलं, “बाई, एक बदल आहे. कळा जागच्या जागीच आहेत, फक्त क्रम बदललाय. आता जसं बोलता तसं टाइप करायचं. आधी अक्षर, मग वेलांटी.”

“आणि रफार?”

“तो आधी. आपण ‘र’ आधीच बोलतो ना?”

“प्रशांतराव, मी बोलत नाही,” विमलबाई म्हणाल्या, “मी टाइप करते.”

“जुनं ठेवता येत नाही बाई. या आवृत्तीत तो पर्यायच दिलेला नाही. पुढच्या अपडेटमध्ये कदाचित येईल.” आणि तो पुढच्या तालुक्याच्या गाडीला पळाला.

सगळंच बदललं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. परक्या घरात माणूस जपून चालतो. इथं घर तेच, फक्त उंबरा हातभर सरकवलेला. रोज ठेच.

बाई सरसावून बसल्या आणि सवयीनं पहिली ओळ स्वतःच्या नावाची मारली. नेहमीसारखीच नजर पडद्यावर नव्हती. मशीननं दोनदा ‘टूंक’ केलं. शब्दाच्या सुरुवातीलाच वेलांटी आली की त्याला ती कुठं ठेवावी कळायचं नाही, म्हणून ते ओरडायचं आणि वेलांटी टाकून द्यायचं. मधली वेलांटी मात्र गुपचूप आधीच्या अक्षरावर नेऊन बसवायचं. मी आवाज ऐकून डोकावलो. पडद्यावर लिहिलं होतं: वमल रखमाजी भंगारिदवे.

आता माझा वाटा. मी ते मोठ्यानं वाचलं. “अहो, हे बघा! जुनं मशीन भंगारात निघालं, आणि बाईंचं आडनावही भंगारात!” माझ्या जिभेला हाड नाही, हे आमची मंडळी लग्नापासून सांगते. सगळी कचेरी हसली. साहेबही केबिनच्या दारात येऊन हसले. मी सर्वांत जास्त हसलो, कारण विनोद माझा होता.

विमलबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. त्यांनी ती ओळ एकेक अक्षर करून पुसली आणि दिवसभराची पत्रं काढायला घेतली. त्या दिवसापासून त्यांनी सकाळी नाव टाइप करणं बंद केलं. पत्रांच्या कोपऱ्यातली ‘वि.र.भिं.’ही गेली. ते माझ्या आठवड्यानं लक्षात आलं. पण विचारायला तोंड नव्हतं.

जानेवारीत वरच्या कार्यालयातून परिपत्रक आलं. नव्या आवृत्तीवर सर्व टंकलेखकांची चाचणी मार्चमध्ये नगरला. मिनिटाला तीस शब्द. जो नापास किंवा गैरहजर, त्याची टंकलेखकाची खुर्ची जाईल आणि त्याला जामखेडच्या कार्यालयात अभिलेख कक्षात, म्हणजे जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांत बसवलं जाईल. विमलबाईंचा त्या घडीचा वेग होता अकरा.

त्यांची आई गोजरबाई त्यांच्याजवळच राहायची. सत्तरीची, दम्यानं बेजार. जामखेडला बदली म्हणजे रोज जाऊन-येऊन चार तास एस.टी.त, नाहीतर तिथं खोली आणि आईला नवा डॉक्टर. आणि खुर्ची गेली ती गेलीच. बेचाळिसाव्या वर्षी माणूस काही दुसरं शिकत नाही, निदान आम्ही कारकून मंडळी तरी नाही.

मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना मजकूर वाचून द्यायला लागलो. प्रायश्चित्त म्हणा. जुने आदेश, जाहिराती, पेपरातल्या बातम्या, हाताला येईल ते वाचायचो. त्या टाइप करायच्या, मशीन टूंक टूंक करायचं, आणि शेवटी आम्ही दोघं कागद धरून चुका मोजायचो. ‘शिनवार’, ‘मिहला’, ‘कजर्त’. वेग चौदा. पंधरा. परत तेरा. “काकासाहेब,” एकदा त्या म्हणाल्या, “माझ्या बोटांना कसं सांगू की वीस वर्षं तुमचं चुकत होतं? चुकत नव्हतं ना.” त्यांची बोटं टेबलावर उताणी पडली होती. मी बशीतला चहा संपवला.

वाट सापडली ती गोजरबाईंमुळं. तेव्हा साक्षरतेचे वर्ग जोरात होते आणि म्हातारी खोकत खोकत वस्तीवरच्या वर्गाला जायची. एका रविवारी मी औषध द्यायला गेलो, तर ती पाटीवर ‘कि’ गिरवत होती. आधी ‘क’, मग त्याच्या डोक्यावरून ओढून घेतलेली वेलांटी.

विमलबाई बघत राहिल्या. “आई, तू वेलांटी मागाहून का काढतेस?”

“मंग कवा काढू?” म्हातारी म्हणाली. “आगुदर बाई, मंग पदर. बाईच न्हाई तर पदर कुनाच्या डोईवर घ्येती?”

सोमवारपासून विमलबाई तोंडानं पुटपुटत टाइप करायला लागल्या. बाई, पदर. बाई, पदर. रफारासाठी त्यांनी स्वतःच काहीतरी बसवलं होतं, ते मला कधी सांगितलं नाही. सतरा झाले, बावीस झाले. फेब्रुवारीच्या शेवटी अठ्ठावीस. हात दुखायचे म्हणून मनगटाला तेल लावून यायच्या आणि कळांवर तेलाचे डाग पडायचे. सव्वीसवर आठ दिवस अडकल्या होत्या, तेव्हा चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. आनंद असा त्यात नव्हताच. जे एकदा जमलेलं होतं तेच पुन्हा जमवायचं, त्यात कसला आलाय आनंद? पण मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बत्तीस झाले आणि त्यांनी मला पहिल्यांदा स्वतःहून चहा पाजला.

त्या दोन महिन्यांत मी त्यांच्याकडून सगळं टाइप करून घेतलं. गावं, तारखा, साहेब लोकांची नावं. एकच गोष्ट घेतली नाही. त्यांचं स्वतःचं नाव. मी वाचून द्यायला धजलो नाही आणि त्यांनी मारलं नाही.

चाचणी नगरला झाली. मोठा हॉल, तीस कॉम्प्युटर. सूचना अशी, की आधी वर आपलं नाव आणि गाव टाइप करा आणि घंटेची वाट बघा. विमलबाईंनी मला नंतर सांगितलं, त्यांची नजर घंटेवर होती. ते बोटांनी आपलं आपण मारलं, जसं ती वीस वर्षं मारत होती. टूंक झालं असेल, पण हॉलमध्ये तीस मशीनं टूंक करत होती. मग घंटा झाली. बाई, पदर. बाई, पदर. मजकुरात एक चूक, तेहतीस शब्द. कागद छापून वर गेले.

सरकारी काम आणि सहा महिने थांब; आमचं तीन महिन्यांत झालं, एवढी प्रगती कॉम्प्युटरची. जूनमध्ये एकाच पाकिटात दोन कागद आले. मीच फोडलं. पहिली उत्तीर्णांची यादी. तिच्यात सातव्या नंबरला: श्रीमती वमल रखमाजी भंगारिदवे, कजर्त. दुसरा आदेश. श्रीमती विमल रखमाजी भिंगारदिवे या चाचणीस गैरहजर राहिल्याने त्यांची अभिलेख कक्ष, जामखेड येथे बदली करण्यात येत आहे. यादी मशीननं जुळवली होती आणि मशीनला ही दोन माणसं वाटली. माणसांनी नुसत्या सह्या केल्या होत्या.

मी तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसलो. मी त्या दिवशी हसलो नसतो, तर त्यांनी रोज सकाळी नाव टाइप केलं असतं, आठ दिवसांत बोटांना वळण लागलं असतं, आणि सातव्या नंबरला त्यांचं नाव त्यांचंच असतं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

साहेबांनी वरती फोन लावला आणि हसत बाहेर आले. “काही घाबरू नका बाई. सोपं आहे. एक अर्ज द्यायचा. ‘यादीतील भंगारिदवे ही मीच आहे. भंगारिदवे व भिंगारदिवे ही एकाच व्यक्तीची नावे आहेत.’ नमुना ठरलेला आहे, दुसरं काही चालत नाही म्हणाले. आठ दिवसांत आदेश रद्द.”

विमलबाई कॉम्प्युटरपुढं बसल्या. मी पाठीमागं उभा. ‘महोदय’ झालं, विषय झाला. ‘मी, खाली सही करणार’ झालं. मग ‘यादीतील भं’ एवढं झालं आणि हात थांबले. त्यांनी ‘भं’ पुसलं. पुन्हा मारलं. पुन्हा पुसलं.

“बाई, तुम्ही उठा,” मी हळूच म्हणालो, “मी टाइप करतो. तुम्ही बघूसुद्धा नका, नुसती सही करा.”

“नको,” त्या म्हणाल्या. “तुम्ही एकदा वाचलंत तेवढं पुरे झालं.”

सहा महिन्यांत त्या विषयावर तेवढंच एक वाक्य. मला वाटलं जमीन दुभंगावी.

साहेब समजावायला आले. नावात काय आहे बाई, आईचं बघा, खुर्चीचं बघा, एका ओळीचा प्रश्न आहे. सगळं खरं होतं. विमलबाई ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता शीण होता, तीन महिन्यांच्या तेलाचा, टूंक टूंकचा आणि त्याच्या आधीच्याही कशाकशाचा.

“साहेब, दमले मी,” त्या म्हणाल्या. “पण इतकी नाही दमले, की सहीनिशी लिहून देईन मी भंगार आहे म्हणून. माझ्या बापाला नुसत्या नावानं हाक मारायचे. त्यांनी आडनाव छापून भिंतीला लावलं होतं.”

त्यांनी अर्ज दिला, पण आपल्या शब्दांत. उत्तरपत्रिका माझी आहे, यादीत छापलेले नाव माझे नाही, ते दुरुस्त करावे. वरून उत्तर आलं, नमुन्याप्रमाणे नसल्याने अर्ज विचारात घेता येत नाही. पंधरा दिवसांनी विमलबाई टेबलाचा खण मोकळा करून गेल्या. एक कंगवा, तेलाची बाटली आणि वडिलांनी भिंतीला लावलेला, घडी न पडलेला तो पिवळा कागद. गोजरबाईंना त्यांनी जामखेडला एका खोलीत नेलं. पहिल्या पावसाळ्यात म्हातारीचा दमा फार वाढला, असं कळलं. मी जाईन जाईन म्हणत गेलो नाही.

ऑगस्टमध्ये जामखेडच्या कार्यालयाचं एक पाकीट आलं. पत्त्यावर ‘कर्जत’ लिहिलं होतं, रफार ‘ज’वर, सरळ आणि ठळक. तिथं कॉम्प्युटर अजून पोचला नव्हता. टायपिस्ट नव्हताच, म्हणून गठ्ठ्यांतून उठवून बाईंना जुन्या मशीनवर बसवलं होतं. तात्पुरतं. आत पत्र कसलं तरी नेहमीचंच. मी आधी त्याचा डावा कोपरा बघितला. ‘वि.र.भिं.’

डिसेंबरात प्रशांत पुन्हा आला, नव्या फ्लॉप्या घेऊन. सगळीकडून बोंब झाली होती म्हणाला, म्हणून कंपनीनं टाइपरायटरचा क्रम परत दिलाय. आता आधी वेलांटी, मग अक्षर, पहिल्यासारखं. तो खुर्चीकडं बघून म्हणाला, “बाई कुठं आहेत? त्यांना सांगायचं होतं.”

मी सांगितलं. त्यानं फ्लॉप्या डब्यात भरल्या, डबा पिशवीत टाकला आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाला.

सगळे गेल्यावर मी त्या खुर्चीत बसलो. मला टाइप करता येत नाही. एका बोटानं कळा शोधत, आधी वेलांटी, मग अक्षर, असं करत मी अख्खं नाव मारलं. पाच मिनिटं लागली. मशीननं एकदाही आवाज केला नाही. विमल रखमाजी भिंगारदिवे. मी ते मोठ्यानं वाचलं. शेजारचं टेबल माझंच होतं, आणि तिथं ऐकायला कुणी नव्हतं.